पाकटाचा खड्डा

"मेले तरी तुम्हाला हाक मारणार नाही!" सकाळी सासूबाईंना असं ठणकावलं आणि ओहोटीच्या चिखलात शिंपल्या काढायला एकटीच पुढे गेले. कारण काय, तर "माझ्या मागून चाल" म्हणाल्या. बारा वर्षं मागूनच चालतेय की! मग त्यांनीही बोलणं टाकलं.

आणि आता एक पाय मांडीपर्यंत रुतला होता.

चूकही अशी, की नवशिकीसुद्धा करणार नाही. पाकट हा चपटा मासा भरतीबरोबर इथे चरायला येतो. तोंड पोटाखाली, त्यामुळे बिचाऱ्याला आपला घासही दिसत नाही, वासावर शोधतो. मग अंग फडफडवून, तोंडाने पाणी फुंकून वाळू उडवतो आणि शिंपल्या कवचासकट कडाकडा फोडतो. मागे परातीएवढा खड्डा राहतो. त्याच्या काठाला चुकलेल्या शिंपल्या हमखास सापडतात, म्हणून आम्ही काठावर बसून उकरतो. आत पाय घालत नाही, ताज्या खड्ड्याखालचा गाळ सैल असतो. मी रागाच्या भरात तडक आतच उतरले.

जितकी ओढत होते तितकी खाली जात होते. भरती लागली. पाण्याबरोबर पाकट येणार, त्यांच्या शेपटीला विषारी काटा. सासूबाई लांब, ठिपक्याएवढ्या. हाक मारू? छे! जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.

पाणी कमरेला लागलं तशी माझी सगळी मिजास उतरली. "आई! अहो आई!" घसा फाटेस्तोवर ओरडले.

त्या आल्या. बादली भिरकावली आणि त्या वयात पाण्या-चिखलात पालथ्या पडल्या.

"ओढतेस काय, म्हशी! पाकट कधी ओढतो का? हलव पाय, पाणी जाऊ दे आत!"

त्यांनी माझ्या पायाच्या कडेने हात खुपसून गाळ ढवळला. मी पाय हलवत राहिले. एकदाचा पाय सुटला, चप्पल आतच राहिली.

किनाऱ्यावर दोघी धापा टाकत बसलो.

"नशीब, हाक ऐकू आली तुम्हाला," मी म्हटलं.

"कसली हाक?" त्या कपडे पिळत म्हणाल्या. "वारा उलटा होता. मला काही ऐकू आलं नाही."

"मग आलात कशा?"

"बोलणं बंद केलं होतं मी. बघणं नाही."

मला रडूच फुटलं. त्या उठल्या, "चल" म्हणाल्या, आणि मी गुपचूप त्यांच्या मागून चालू लागले.