मी वाद्य नाही!

एक दातेरी चाक. तीन दिवसांचा उपास. बुटाच्या तळाशी खडूनं लिहिलेलं नाव. खसखस भरलेला तिकोनी खाऊ. सरदाराच्या मिशा लावलेली आत्या. फाशीचा उंच खांब. कुलूप.

यातलं दातेरी चाक माझं, मित्रांनो. मी लाकडी करकरा. दांडी धरून मला गरागरा फिरवलं, की चाकाच्या दात्यांवर पट्टी आपटते आणि असा कर्कश आवाज निघतो, की झोपलेलं मांजर उडून छपराला चिकटावं. एरवी मी फडताळात पडून असतो. पुरीम आला की मात्र माझ्यावाचून पान हलत नाही.

पुरीम हा ज्यू लोकांचा आनंदाचा सण. फार पूर्वी एका राजाचा प्रधान होता. एक माणूस आपल्यापुढे वाकत नाही, एवढ्यावरून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला आणि त्यानं त्या माणसाची सगळी जमातच मारायचं ठरवलं. दिवससुद्धा चिठ्ठ्या टाकून काढला! चिठ्ठीला तेव्हा 'पूर' म्हणत, त्यावरूनच सणाला नाव मिळालं. पण राणी त्याच जमातीतली, हे त्याला ठाऊक नव्हतं. तीन दिवस उपास करून ती न बोलावता राजापुढे गेली. तसं जाणाऱ्याचं मुंडकं उडायचं. तिनं जीव मुठीत धरून खरं सांगितलं, आणि प्रधानानं दुसऱ्यासाठी उभारलेल्या खांबावर प्रधानच लटकला.

म्हणून या दिवशी लोक सोंगं घेतात, शेजाऱ्यांना खाऊची ताटं धाडतात, गरिबांना हातभार लावतात आणि सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, ही गोष्ट चर्मपत्राच्या गुंडाळीतून मोठ्यानं वाचतात. प्रधानाचं नाव आलं रे आलं, की ते तळाशी लिहिलेले बूट आपटायचे, मला फिरवायचं, नाव बुडवून टाकायचं. वाचणारे पाठककाका तेवढे थांबतात आणि गोंगाट ओसरला की पुढचा शब्द घेतात. इतकी वर्षं मी तिथं गेलो, पण ते नाव मला कधी ऐकूच आलं नाही. तोच तर माझा अभिमान!

आणि यंदा? यंदा सिनेगॉगच्या नव्या सेक्रेटरीनं मला काचेच्या कपाटात घालून कुलूप लावलं. खाली पाटी: 'प्राचीन वाद्य. हात लावू नये.' वाद्य! माझ्यावर कुणी कधी गाणं वाजवलंय? कारण काय, तर वाचनाचं रेकॉर्डिंग होणार, परगावच्या नातेवाइकांना स्वच्छ आवाज पाठवायचा. "नाव आलं की नुसते हात हलवा," त्यानं सगळ्यांना बजावलं.

वाचन सुरू झालं. नाव आलं. पाठककाका सवयीनं थांबले.

हात हलले.

आणि ते नाव दालनात तसंच उभं राहिलं. स्वच्छ, ठळक, मानाच्या पाहुण्यासारखं. मला ते पहिल्यांदा ऐकू आलं. मित्रांनो, माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली असती, पण मला ना तळपाय ना मस्तक. स्वतःहून फिरताही येत नाही.

आत्या उठली. ती सगळ्यांचीच आत्या, आणि मला फिरवायचा मान तिचाच. मिशा सावरत ती कपाटापाशी आली.

"आत्या, रेकॉर्डिंग चालू आहे!"

"चालू दे. किल्ली आण."

"अहो, पुरातन वस्तू आहे ती."

"मग मी कोण आहे? मलाही घाल आत, आणि लाव पाटी!"

सगळे फिदीफिदी हसले. सेक्रेटरीचे कान लाल झाले. "मोडला म्हणजे?"

"मोडू दे. आपल्या मुळावर उठलेल्याचं नाव तू जपून ठेवणार, आणि याला कोंडणार? शहाणाच आहेस!"

सेक्रेटरीनं आशेनं पाठककाकांकडे पाहिलं. "मी थांबलोय," काका म्हणाले. "आवाज झाल्याशिवाय पुढे जायचा नाही."

किल्ली निघाली. पहिल्याच फेऱ्यात माझा एक दाता उडाला. तो पडल्याचं कुणाला कळलंही नाही, इतका मी ओरडलो.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपायचंय ना? मग तेल द्या, दाता बसवा, आणि ज्या कामासाठी आम्ही झालो ते काम द्या. काचेमागून 'किती सुंदर' म्हणू नका. मला त्याची चीड येते.

मला घडवणारा सुतार जन्मापासून मुका होता; त्या गोंगाटातला त्याचा आवाज म्हणजे मी.