केबल काढून

सोमवारी दुपारी एकला कावेरीचा, माझ्या बायकोचा, फोन आला. दार सताड उघडं आहे आणि आबा घरात नाहीत, एवढंच ती बोलली. मी तेव्हा सायली गावच्या कारखान्यात मोल्डिंग मशिनच्या पॅनेलमध्ये डोकं घालून उभा होतो. पहिला विचार काय आला ते सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. आबा हरवणं शक्यच नाही असं मला वाटलं, कारण त्यांच्या गळ्यात मी फोन अडकवला होता.

त्या फोनबद्दल आधी सांगायला हवं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दोन वर्षांपासून विसरायला होतं. आई गेल्यावर मी त्यांना धरणगावहून इथे अथालला आणलं. त्यांना त्यांचा जुना फोनच लागायचा. नवा हातात दिला की हा दुसऱ्याचा आहे म्हणत शेजाऱ्याला देऊन यायचे. दोन फोन असे गेले. आणि तो जुना फोन म्हणजे नुसता वैताग. कंपनीने कधीच वाऱ्यावर सोडलेला, दर तासाला अडकायचा. आबा भलतीच बटणं दाबून तो मुका करून ठेवायचे.

जगभरचे हौशी लोक मिळून अशा टाकाऊ फोनांसाठी लिनक्स, म्हणजे फोन चालवणारी नवी प्रणाली, तयार करतात. ते घातलं की फोन पुन्हा उभा राहतो, पण लंगडत. पडदा चालतो तर आवाज नसतो, आवाज आला तर कॅमेरा नसतो. प्रत्येक मॉडेलचं इंटरनेटवर एक पान असतं आणि त्यावर तक्ता. काय चालतं, काय अर्धवट, काय नाही. आबांच्या मॉडेलच्या पानावर ‘कॉल’च्या पुढे ‘अर्धवट’ लिहिलेलं होतं. मी बारावी नापास इलेक्ट्रिशियन, पण त्या एका शब्दाने माझं डोकं फिरवलं.

पाच महिने घातले. आधी स्पीकर बोलला, मग माइक. फोन दोन रिंगांनंतर आपोआप उचलेल आणि मोठ्याने बोलेल, अशी सोय केली. मग रोज दुपारी बाराला मी कारखान्यातून फोन लावायचा, फळीवर ठेवलेला फोन स्वतःच कॉल उचलायचा, आणि मी विचारायचं, आबा, जेवले का. ते फळीपाशी येऊन हो म्हणायचे. मी तक्त्यात ‘अर्धवट’ खोडून ‘चालतो’ लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातचं काहीतरी जगाने वाचलं असेल.

ते पान सांभाळणारी मृणाल नावाची पुण्याची मुलगी आहे. तिने दुसऱ्या दिवशी विचारलं, केबल काढून बघितलं का? मला अपमान वाटला. मुरलेल्या फिटरला स्क्रू पिळलास का म्हणून विचारावं तसं वाटलं. मी ‘हो’ लिहून मोकळा झालो.

ते खोटं होतं. पाच महिने तो फोन केबलने माझ्या लॅपटॉपला जोडलेलाच होता. आत काय घडतंय ते त्याच तारेतून दिसतं, त्यामुळे ती काढायचं कोणाला सुचत नाही. आमच्यासारख्यांचं हे असंच असतं. टेबलावर चाललं की आम्ही हात झटकतो.

रविवारी संध्याकाळी मी केबल काढली, फोनला दोरी ओवली आणि आबांच्या गळ्यात घातला. त्यांनी बंद करू नये म्हणून बाजूची तिन्ही बटणं एमसील भरून बुजवली. कावेरी म्हणाली, अडीनडीला बंद करायचा झाला तर? मी म्हटलं, बंद करायची वेळच येणार नाही.

सोमवारी बाराला मी नेहमीसारखा फोन लावला. रिंग गेली. पुरती वाजून थांबली. आबा झोपले असतील, पण फोन कसा झोपेल, असं मनात आलं खरं. तेवढ्यात सुपरवायझरने हाक मारली आणि मी मशिनकडे वळलो.

कावेरीचा फोन आल्यावर मी पुन्हा लावला. वीस वेळा लावला. रिंग जायची, कोणी उचलायचं नाही. तिथेच, पॅनेल उघडं टाकून, मी मृणालला लिहिलं. काही झाकलं नाही. खोटं बोललो होतो, वडील हरवलेत, फोन उचलत नाहीये. तिचं उत्तर लगेच आलं. तिने एका शब्दाने टोचलं नाही, त्याचा मला जास्त त्रास झाला.

केबल लावलेली असली की तो फोन जागा राहतो. केबल काढली की मिनिटभरात गाढ झोपतो. कॉल आला तर आतल्या रेडिओला कळतं, पण त्याने उरलेल्या फोनला उठवायचं काम कोणी अजून केलेलंच नाही. म्हणून तक्त्यात ‘अर्धवट’ होतं. बटण दाबलं तर उठेल, चार्जर लावला तर उठेल. बटणं मी माझ्या हाताने बुजवली होती.

 कावेरीला स्कूटरवर घेऊन मी अथालची गल्ली न् गल्ली पालथी घातली. बस स्टँड, नदीचा पूल, देवळाची पायरी, सरकारी दवाखाना. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, नंबर घेतला, टॉवरवरून शोधायला वेळ लागेल असं सांगितलं. ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. आबांच्या चपला घरातच होत्या.

तीन वाजता मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि रडलो. भर रस्त्यात, येणारे-जाणारे बघत असताना. आईला काय तोंड दाखवू, असं म्हणत होतो, आणि आई तर गेलेली. कावेरी बाजूला उभी राहून मृणालचा निरोप पुन्हा पुन्हा वाचत होती. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून तर तिने शेवटची ओळ वाचली. मला हवं ते वरच मिळालं, तसं मी पुढचं वाचायचं सोडलं होतं.

“घड्याळाच्या गजरानेही उठतो, असं लिहिलंय,” ती म्हणाली. “आबांची चारची गोळी?”

दुपारी चारला फोन स्वतः बोलायचा, आबा, गोळी घ्या. माझ्याच आवाजात. त्याचं मला काही वाटलंही नव्हतं, कोणीतरी लिहिलेलं उचलून पाच मिनिटांत बसवलं होतं. म्हणजे चारला फोन एक मिनिट जागा होणार होता. त्या मिनिटात कॉल लागला तर बोलणं चालू असेपर्यंत झोपणार नाही. हुकला तर उद्या चारपर्यंत काही नाही. आणि आबांचं वय बहात्तर.

फोनचं घड्याळ पुढे असेल की मागे, काय सांगावं. पावणेचारपासून मी लावत राहिलो. रिंग पुरती वाजायची, तुटायची, मी परत लावायचो. चार वाजले. चार वाजून दोन मिनिटं झाली. कावेरीने माझा खांदा इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ होते. चार वाजून तीन मिनिटांनी रिंग मधेच थांबली आणि कुठलातरी ट्रक ऐकू आला.

“आबा,” मी म्हटलं. “आबा, मी वाल्मिक.”

“कोठे शे रे तू?” आबा म्हणाले. “बारा वाजनात तरी तुना फोन उना नही. म्हणून निंघनू तुले पाहाले.”

माझ्यामुळे निघाले होते. फोन मुका राहिला म्हणून अनवाणी निघाले होते. मला तिथेच फोन फेकून डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. पण कॉल तुटला असता.

कुठे आहात, ते त्यांना सांगता येईना. ठिकाणाचं नाव त्यांच्या तोंडी येत नाही. जागा सांगणारा जीपीएस त्या फोनमध्ये अजून कोणीच चालवू शकलेलं नाही. मग मी विचारलं, समोर काय दिसतं. रस्ता, म्हणाले. झाडं. आणखी बघा, म्हटलं.

“पाटीवर सिंह शे,” ते म्हणाले. “मोठा. तोंड वासेल शे.”

वासोणा. तिथल्या सिंहांच्या सफारीची पाटी. कोणत्या रिक्षावाल्याने कशाला तिथे सोडलं, देव जाणे. कावेरीने स्कूटर काढली. मी मागे बसून बोलत राहिलो.

आता बोलायचं काय? इतके दिवस मी रोज त्यांच्याशी बोलत होतो म्हणायचं, पण जेवले का याच्या पलीकडे मला काही येत नव्हतं. मी जिनिंगचं काढलं. धरणगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये ते मशिनचे पट्टे बदलायचे. तो मोठा पट्टा किती हाताचा होता हो आबा, असं विचारलं. ते सांगू लागले. सुटला तर माणूस कापेल असा पट्टा, आणि आपण चालत्या मशिनवर कसा चढवला, ते सगळं सांगितलं. मधेच थांबायचे आणि विचारायचे, तुले सुट्टी कव्हय होस? मी म्हणायचो, होतेच आहे, निघालोच. मला वाटतं तेवढं आम्ही दोघं जन्मात बोललो नव्हतो. एकेका खड्ड्याला माझा जीव कानात यायचा.

ते पाटीखालच्या ओट्यावर बसलेले होते. तळपायाला फोड, ओठ कोरडे, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. दोरीचा फोन दोन्ही हातांनी कानाशी धरलेला. स्पीकर मोठा होता, कानाशी धरायची गरज नव्हती. मी स्कूटरवरून उतरून धावत गेलो आणि त्यांच्या समोर गुडघ्यांवर बसलो. आबा, म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं काही त्या डोळ्यांत नव्हतं. हात वर करून मला गप्प केलं.

“उगा ऱ्हाय,” ते म्हणाले. “मना पोऱ्या बोली ऱ्हायना.”

आणि पाठ फिरवून बसले. मी पाणी पुढे केलं, ते घेतलं नाही. हात धरायला गेलो तर झटकला. कावेरी तोंडावर पदर घेऊन उभी होती. मी उठलो, वीसेक पावलं मागे, रस्त्यापलीकडे गेलो. माझा फोन कानाला लावला. कॉल चालूच होता.

“आबा,” मी म्हटलं, “तुमच्या मागे निळा शर्ट घालेल मानूस शे. पानी देई तो, ते प्या. त्याना संगे घर या.”

रस्त्यापलीकडे त्यांनी मान वळवून मला बारकाईने न्याहाळलं. माझ्या कानात विचारलं, “भला मानूस शे का तो?”

शे, असं म्हणायला मला बराच वेळ लागला.