परीक्षा यंत्राची आहे

शिओमी नावाची ती मुलगी आमच्या वसाहतीच्या सभागृहात आली, कमरेत वाकली आणि म्हणाली, "आजी-आजोबांनो, आज परीक्षा तुमची नाही, आमच्या यंत्राची आहे. चूक झालीच तर ती आमची. मनात येईल ते बिनधास्त बोला."

आता बिनधास्त बोला म्हटल्यावर कोण बोलणार? पोर लेकीपेक्षा लहान, शेजारी तिचा साहेब हाताची घडी घालून उभा, आणि त्याच्यादेखत आम्ही तिच्या कामाला नावं ठेवायची? ओसाकाकडचे फटकळ लोक ठेवत असतील. आमच्याकडे पाहुण्याने आणलेली मिठाई खवट निघाली तरी दुसऱ्यांदा मागून खातात.

यंत्र म्हणजे न्हाणीघराच्या भिंतीवर, टबाच्या वर बसवायची एक पाटी होती. तिच्यावर दोन बटणं. वरचं निळं दाबलं की टबातलं निवलेलं पाणी पुन्हा तापतं. खालचं तांबडं दाबलं की घंटा वाजते आणि मुलाला नाहीतर मुलीला फोन जातो, म्हातारं माणूस अडचणीत आहे म्हणून. एकट्या राहणाऱ्यांसाठी मुद्दाम आखलेली पाटी, म्हणून तांबडं बटण तळहाताएवढं मोठं. कंपनी ती आमच्या घरोघरी फुकट बसवणार होती, फक्त आधी आमच्यावर करून बघायची होती.

आमचे अध्यक्ष कुमेदासाहेब आदल्याच आठवड्यात सगळ्यांना गोळा करून म्हणाले होते, "परक्या घरची पोर आहे. तिची फजिती झाली तर नाक आपलं कापलं जाईल. तेव्हा सराव करायचा." माहितीपत्रकात पाटीचं चित्र होतं, ते त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर मोठं काढून आणलं. साहेबांनी जन्मभर आगगाडी चालवली. सिग्नल दिसला की त्याच्याकडे बोट करायचं आणि खणखणीत आवाजात बोलायचं, म्हणजे चूक होत नाही, ही रेल्वेची शिस्त त्यांच्या हाडात मुरलेली. घरी चपला काढतानासुद्धा चपलांकडे बोट करतात.

"तोकिएबाई, बोट कुठाय तुमचं? पुटपुटू नका!" मला दरडावायचे. "निळं! बरोबर! असं म्हणा, मग दाबा."

परीक्षेच्या दिवशी पाटी टेबलावर मांडली होती. आम्ही एकेक जण खुर्चीत बसलो, बोट केलं, ओरडलो, दाबलं. एकाचीही चूक झाली नाही. शिओमीला तर रडूच फुटलं. "असं आजवर कुठेच झालं नाही हो!" तिच्या साहेबाने हाताची घडी सोडली. आम्हीही फुशारून घरी आलो.

खरा जीव टांगणीला लागला होता तो याएकोबाईंचा. त्या माझ्या शेजारीण, वय ब्याऐंशी. त्यांचा मुलगा शुइची साप्पोरोला असतो. आईला तिकडच्या वृद्धाश्रमात ठेवायचं त्याने केव्हाच ठरवलं होतं, पण पाटीचं ऐकून थोडा नरमला. "बसव ती पाटी. तुला जमली तर रहा तिथेच. उठसूट चुकून फोन यायला लागले, तर मी न्यायला येईन."

"त्या आश्रमात आठवड्यातून दोनदा आंघोळ घालतात म्हणे," याएकोबाई मला म्हणाल्या. "कुणीतरी येऊन अंग घासून जाणार. शी! त्यापेक्षा मरण परवडलं." आमच्या दोघींची न्हाणीघरं भिंतीला भिंत लागून आहेत. रोज संध्याकाळी दोघी आपापल्या टबात गळ्यापर्यंत बुडून भिंतीतून गप्पा मारतो. नवरे गेल्यापासून दिवसातलं एवढंच काय ते सुख उरलंय.

पाट्या बसल्या आणि पहिल्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून घंटा वाजली. मागोमाग याएकोबाईंचा आवाज आला, "अगं बाई!"

घोळ माझ्या लगेच ध्यानात आला. सभागृहात पाटी टेबलावर, त्यामुळे हात वरून यायचा. टबात माणूस पाण्यात बसलेलं, तिथे हात खालून जातो. निळ्याकडे बोट पोचेपर्यंत तळहात तांबड्यावर टेकलेला असतो. मी दुसऱ्या दिवसापासून पाणी आधीच कढत घेऊ लागले आणि पाटीच्या वाटेला गेले नाही. सगळेच तसं करत होते, बोलत कुणी नव्हतं. याएकोबाईंना मात्र कढत पाणी सोसत नाही. त्या रोज निळं दाबायला जायच्या आणि रोज शुइचीला फोन जायचा.

"आई, बस्स झालं," तो म्हणाला. "महिनाअखेर येतोय."

"यंत्र चांगलं आहे हो," त्या मला भिंतीतून सांगत होत्या. "मीच मेली वेंधळी."

मला असा राग आला! पण राग आला म्हणून काय कंपनीला फोन करून तुमची पाटी भिकार आहे म्हणायचं? मी कुमेदासाहेबांना गाठलं. त्यांनी फार विचार केला आणि कंपनीला कळवलं, की मागच्या खेपेला मंडळींना इतकी मजा आली, पुन्हा एकदा परीक्षा घेता का? मग आम्हाला पुन्हा सरावाला बसवलं. या वेळी चुकायचं होतं, म्हणजे कुणी काही न बोलता पाटीतला दोष कंपनीच्या ध्यानात येईल.

"तळवा टेकवा! जोरात! तांबडं! चुकलं! वा, फक्कड!"

शिओमी आली. पाटी पुन्हा टेबलावरच. आम्ही एकामागून एक बोट करून, ओरडून, शिस्तीत चुकलो. दरवेळी त्या मुलीचा चेहरा आणखी उतरत गेला. शेवटी याएकोबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. मग बोट केलं.

"निळं! बरोबर!" आणि दाबलंही निळंच.

बाहेर आल्यावर मी त्यांचा दंडच धरला. "अहो, हे काय केलंत? तुमच्यासाठीच चाललं होतं ना सगळं?"

"काय करू तोकिएबाई," त्या म्हणाल्या, "पोर रडायच्या घाईला आली होती."

कंपनीतली माणसं शिकलेली. त्यांनी नीट विचार केला. मागच्या खेपेला याच लोकांची एकही चूक नव्हती, आता एक सोडून सगळे चुकले. पाटी तर तीच आहे. मग बदललं काय? माणसं. त्यांनी काळजीपोटी प्रत्येकाच्या मुलाबाळांना फोन करून सांगितलं, की आपल्या पालकांची समज झपाट्याने उतरत चालली आहे, लक्ष असू द्या. फक्त शुइचीला कळवलं, की तुमच्या आईंची बुद्धी तल्लख आहे.

शुइचीने येणं रद्द केलं. आता घंटा वाजली की तो म्हणतो, "यंत्रच बिघडलं असेल. आई ठणठणीत आहे, कंपनीनेच सांगितलंय." याएकोबाई रोज निळं दाबायला जातात, रोज तांबडं वाजतं आणि कुणी दखल घेत नाही.

माझ्या लेकीचा, नाओचाही फोन आला. कुमेदासाहेबांचा मुलगा तर त्यांना घेऊनही गेला. जाताना साहेबांनी कुलपाकडे बोट केलं, पण बोलले काहीच नाहीत. "आई, तुझी खोली तयार ठेवलीय," नाओ म्हणाली. "तुझ्याकडून एकदा जरी घंटा वाजली ना, त्याच दिवशी निघते मी." लेकीला मी काय सांगणार होते? चुकायचा सराव केला होता म्हणून? ते ऐकून ती त्याच रात्री निघाली असती.

हल्ली मी पाणी फार कढतही घेत नाही. परवा डोकं गरगरलं, तोल जाऊन हात पाटीवर पडता पडता वाचला. बेताचंच पाणी घेते. ते निवतं. मी हात दोन्ही पाण्याखाली घट्ट दाबून बसते.

"तोकिएबाई," भिंतीपलीकडून आवाज येतो, "पाणी कसंय?"

दात वाजायला लागलेले असतात.

"फार छान आहे हो," मी म्हणते. "अगदी हवं तसं."