फळ्यावर खोडलेला दोन

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. मोंगू नावाच्या गावातल्या एका सुताराने मला घडवलं, पोरांनी कोळसा आणि पाला वाटून काळं केलं. तेव्हा सगळे माझं कौतुक करायचे. मी मात्र संशयी होत गेलो. पाठ केलेली उत्तरं माझ्यावर ऐटीत उतरवणारे मी ढिगाने पाहिले होते.

एकदा रसायनशास्त्राच्या चाचणीत सगळा वर्ग आपटला. समीकरणं बिनचूक तोलली होती ती एकट्या नमोंडाने. तिची मावशी शिक्षकांच्या खोलीत झाडलोट करायची, आणि प्रश्नपत्रिका तिथेच असायच्या.

"मावशीने केर काढला, हिने पेपर काढला," मागच्या बाकावरचा मुबिता म्हणाला. वर्ग हसला.

सिताली सर हसले नाहीत. "चोरी ठरली तर मावशीचं काम जाईल, नमोंडा. ये, हे तोल." त्यांनी लिहिलं: N₂ + H₂ → NH₃.

खरं सांगतो, मलाही तिचा संशय होता.

"डावीकडे नायट्रोजनचे दोन अणू, उजवीकडे एकच," ती पुटपुटली आणि उजव्या N च्या पायाशी तिने छोटा दोन लिहिला.

"वाटलंच मला," सर म्हणाले. "पाठांतर संपलं."

नमोंडा जागची हलली नाही. मग तिने तळहाताने तो दोन पुसला. "असं केलं तर तो अमोनिया राहतच नाही, सर. भलताच पदार्थ होतो. आकडा पुढेच लावायला हवा." तिने NH₃ च्या आधी दोन लिहिला. "आता उजवीकडे हायड्रोजन सहा झाले. डावीकडे ते जोडीने येतात, म्हणजे तीन जोड्या हव्यात."

N₂ + 3H₂ → 2NH₃.

सरांनी दोन्ही बाजू मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"उत्तर चोरता येतं," ते हळूच म्हणाले, "चूक का खोडायची ते चोरता येत नाही. बस जागेवर. मुबिता, आता तू ये."

दुपारी सर वर्गाच्या दारातच मावशीसमोर उभे राहिले. त्यांना माफी मागायची होती. मावशी म्हणाली, "सरका, सर. तुमच्या पायाखालचं झाडायचंय."

आता वर्गात पांढरा फळा आला आहे, मी अडगळीत आहे. वाळवीपासून मला जपा, मित्रांनो, जमलं तर. पण कुणी फळ्यापाशी चुकत उभं असेल, तर त्याच्या हातून खडू तेवढा काढून घेऊ नका.