मिटिंग रूममधला मेहुणा

साहेबांना मिटिंग फार प्रिय. काम झालं नाही तरी चालेल, पण त्यावर मिटिंग झाली पाहिजे. त्यामुळे ऑफिसात खोल्यांसाठी कायम मारामारी. लोक लॅपटॉप पोटाशी धरून दारोदार फिरायचे आणि बुकिंगच्या पडद्यावर सगळ्या खोल्या भरलेल्या दिसायच्या.

"खोल्या कमी पडतायत. वरचा मजला घ्यायला हवा," साहेब म्हणाले.

"आधी आहेत त्या कोण वापरतं ते तरी बघू या," बिनतारी म्हणाली.

ती तिथली इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. तारा न ओढता काम भागवायचं तिला वेड, म्हणून हे नाव पडलं होतं. साहेबांविषयीचं तिचं मत तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसायचं. साहेब स्वतःखेरीज कुणाकडे बघत नसत, म्हणून नोकरी टिकली होती.

साबणाच्या डबीएवढे सेन्सर तिने स्वतः जुळवले. अंगाची ऊब हलली की ओळखायचं आणि रेडिओवरून खबर धाडायची, एवढंच त्यांचं काम. शिडीवर चढून तिने ते छतांना चिकटवले. लोखंडी कपाटांच्या आडून खबर पोचेना, तेव्हा रिसीव्हर पॅसेजमध्ये उंचावर नेला. बराच वेळ हालचाल दिसली नाही की बुकिंग आपोआप सुटायचं आणि दाराबाहेरचा दिवा हिरवा व्हायचा.

लवकरच कळलं, निम्म्या खोल्या रिकाम्याच. जागेवर रुमाल टाकावा तसं लोक बुकिंग टाकून ठेवत.

कोपऱ्यातली सोफ्याची खोली मात्र रोज दिवसभर साहेबांच्या मेहुण्याच्या नावावर. हे मेहुणे 'धोरण सल्लागार'. बहीण साहेबांच्या घरी पडली, हीच त्यांची पदवी.

एके दुपारी बाहेरचे पाहुणे आले. कोपऱ्यातला दिवा हिरवा होता. साहेबांनी स्वतः दार उघडून "या, या" केलं. आत मेहुणे बूट काढून, तोंड उघडं टाकून घोरत होते.

पाहुण्यांतल्या एका बाईंनी काळजीने विचारलं, "यांना बरं नाही का?"

"धोरणावर विचार चाललाय," साहेब बोलून गेले.

पाहुणे गेल्यावर बिनतारीला बोलावणं आलं. मेहुणे केस विंचरून शेजारी बसले होते.

"आत माणूस होता आणि तुझं यंत्र म्हणतं खोली रिकामी!"

"यंत्र हालचाल बघतं, साहेब. ती कुठे होती?"

"मी डोळे मिटून विचार करत होतो," मेहुणे म्हणाले.

"हो, ऐकू येत होता."

साहेबांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं. खोल्यांमधले सेन्सर काढायचे आणि लोकांच्या टेबलांना लावायचे. कोण जागेवर नसतं ते कळू दे!

"माणसांवर पाळत ठेवायचं काम माझ्या हातून व्हायचं नाही."

"मग मेहुणे करतील."

"उत्तम. त्यांना झोपेतही जमेल," असं म्हणून तिने त्याच दिवशी राजीनामा दिला.

घरी ताई वैतागली. "एका झोपाळू मेहुण्यापायी नोकरी सोडलीस?"

"झोपलेल्याचा त्रास नव्हता गं. जो जागा आहे त्याच्याबरोबर काम करवत नाही."

पुढे तिला एका वाचनालयात काम मिळालं. कुठल्या टेबलाशी जागा आहे, हे वाचकांना दारातच दिसावं, अशी व्यवस्था ती करत होती. एकदा बाजारात जुन्या ऑफिसची रिसेप्शनिस्ट भेटली आणि हसतच सुटली.

मेहुण्यांनी सगळे सेन्सर खिडकीकडे तोंड करून लावले होते. खिडकीखालच्या, कधीच बंद न होणाऱ्या हीटरच्या गरम झोताने पडदे दिवसभर हलायचे आणि सगळ्या खुर्च्या सदैव भरलेल्या दिसायच्या. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. साहेबांनी सगळ्यांना उभं करून भाषण ठोकलं, की शिस्तीने लोकांना कामाची एवढी गोडी लागली की ते सुट्टीतही येतात. मेहुण्यांना बढती मिळाली.

"कुणी सांगितलं नाही साहेबांना?"

"वेडी आहेस का? आम्ही सगळे निवांत चहाला जातो."

बिनतारीने भाजीची पिशवी खाली ठेवली. "मग एक कर. बॅटऱ्या संपू देऊ नका, नाहीतर सगळे एकदम गैरहजर व्हाल. मागचा स्क्रू असा फिरवला की झाकण उघडतं." आणि भर रस्त्यात तिने हवेतच हात फिरवून दाखवला.