पाटाला पाणी नसताना

पहाट नीट फुटलेली नसायची, आणि आळीच्या वरच्या टोकाला कात्सुनोरीचं बर्फ उडवायचं मशीन धडधडायला लागायचं. तोमिए अंथरुणात उठून बसायची आणि म्हणायची, "झाला सुरू मेला."

शेजारी पडलेला तिचा नवरा हिसाओ डोळेही न उघडता म्हणायचा, "होऊ दे की. आपलं अंगणही साफ करून जाईल."

खरी आग तर इथेच होती. मेला आपलं अंगणही साफ करून जायचा.

या गावात बर्फ खिडक्यांच्या वरपर्यंत चढतो, आणि पडलेला बर्फ टाकायचा कुठे हा इथला जन्माचा प्रश्न आहे. तोमिएच्या सासऱ्याच्या पिढीने त्याचं उत्तर काढलं. रस्त्याच्या कडेने पाट बांधले, वर लोखंडी जाळ्या बसवल्या आणि नदीचं पाणी एकेका आळीला पाळीपाळीने सोडायचं ठरवलं. भोंगा वाजला की पाणी येतं. मग ज्याने त्याने आपल्या दारची जाळी उघडायची, सुपड्याने बर्फ ढकलत आणायचा, फोडून थोडाथोडा टाकायचा, आणि पाठ फिरवण्याआधी जाळी लावायची. मीठ नाही, औषध नाही. नदीचं पाणी नदीत परत जातं आणि उन्हाळ्यात तेच खालच्या भातखाचरांना मिळतं. मागे एकाने बर्फ वितळवायची पावडर आणून पाटात ओतली, तर लोकांनी त्याला उरलेल्या पोत्यासकट दुकानात परत पाठवलं होतं.

पण सगळ्यात मोठा नियम असा, की पाटाला पाणी नसताना त्यात बर्फ टाकायचा नाही. टाकला तर तो दडपून दगड होतो. मग पाणी आलं की ते दगड गडगडत खाली येतात, आणि पाट जिथे वळून रस्त्याखालच्या मोरीत शिरतो तिथे अडकतात. त्या मोरीच्या तोंडाशी घर कुणाचं? तोमिएचं.

हा नियम आळीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक होता. कात्सुनोरीलाही होता, कारण तो शेंबडा असताना तोमिएनेच त्याला एकदा कान धरून सांगितला होता. आता तो पन्नाशीचा, आळीचा प्रमुख. कामाला शहरात जायचं, निघायची घाई, भोंग्याची वाट बघायला साहेबांना सवड कुठली? जाळी उघडायची, मशीनचं नळकांडं तिकडे वळवायचं, आणि सगळ्या अंगणाचा बर्फ कोरड्या पाटात फुर्रर्र. स्वतःचं झालं की तसाच खाली यायचा. या म्हातारीचं दार, त्या म्हाताऱ्याचं दार, सगळं फुकट. आळीत सगळी म्हातारीच उरलेली. कुणाची कंबर गेली, कुणाचे गुडघे. त्यांना तो देवासारखा वाटायचा.

आणि उपकार करणाऱ्याला बोलायचं कसं? इथली रीतच तशी. ज्याने तुमचं दार मोकळं केलं, त्याच्या दारी तुम्ही काहीतरी घेऊन जायचं, कमरेत वाकायचं आणि "आम्हाला फार सांभाळून घेता" असं म्हणायचं. तोमिएने या हिवाळ्यात मुरवलेल्या मुळ्याचं लोणचं चार वेळा नेऊन दिलं होतं. चारही वेळा वाकली होती, आणि घरी येऊन ओट्यावर भांडी आपटली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"तू एकदा बोल ना त्याच्याशी," ती मधल्या घरातल्या मासानोला म्हणाली. मासानो तिची शाळेपासूनची मैत्रीण. "तुझा शब्द तो ऐकेल."

"मी? नको गं बाई. माझं दार कोण साफ करणार मग? आणि तो वाईट वाटून घेईल."

"मला वाईट वाटतं त्याचं काय? दोनदा पाणी घरात आलं. खालच्या चटया अजून ओल्या आहेत."

"दोनदाच ना? चार दिवस सोस. वसंत येईलच."

"तुझं घर मधे आहे म्हणून तुला वसंत दिसतोय," तोमिए म्हणाली आणि दार आपटून निघून आली.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवसाची सकाळ होती. आदल्या रात्री भरपूर बर्फ पडला होता. मशीन सवयीप्रमाणे भोंग्याआधीच धडधडून गेलं, मग भोंगा वाजला, पाणी सुटलं, आणि थोड्याच वेळात तोमिएच्या उंबऱ्याशी पाणी चढायला लागलं. मोरी तुंबली होती. ती आत धावली आणि अंथरुणं उचलून कपाटाच्या वर टाकायला लागली.

"मी बघतो मोरीकडे," हिसाओ म्हणाला. त्याने भिंतीवरची आकडीची लांब काठी घेतली.

"अहो, थांबा! गुडघे काय म्हणतायत ते विसरलात का? मी येते!"

"तू चटया उचल. मी काय मेलोय का अजून?"

तिने दोन चटया उचलल्या. तिसरी उचलताना बाहेरून आवाज आला. तो शब्द नव्हता, नुसता आवाज होता. ती अनवाणीच धावली. जाळी उघडी होती. हिसाओने काठीने गोळा फोडला होता, फुटलेल्या गोळ्याने काठी ओढली होती आणि काठीने त्याला. तो काखेपर्यंत पाटात होता. एक पाय मोरीच्या कडेला वाकडा अडकलेला, आणि पाणी त्याला खाली खेचत होतं. तोमिएने त्याच्या कोटाची कॉलर दोन्ही हातांनी धरली, पाय जाळीच्या चौकटीला लावले आणि जन्मात ओरडली नव्हती तशी ओरडली.

आळीतले जे धावू शकत होते ते आले. हिसाओला वर काढला तो मात्र कात्सुनोरीने. त्याच्याच मोठ्या गाडीत घातला, त्यानेच बर्फातून शहरातल्या इस्पितळात नेला. वाटेत तोमिए नवऱ्याचे काळेनिळे हात स्वतःच्या पोटाशी धरून बसली होती. पुढून कात्सुनोरी म्हणाला, "मी घरी होतो म्हणून बरं झालं, आजी. पण या वयात आजोबांना पाटावर कशाला जाऊ दिलंत? काळजी घ्यायला हवी ना."

"हो," तोमिए म्हणाली. नवरा जिवंत पोचायला हवा होता, आणि गाडी त्याची होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, जगले हेच नशीब. बर्फ वितळेपर्यंत पाय टेकायचा नाही, आणि घरी न्याल तेव्हा पुन्हा पडता कामा नये. या वयात दुसऱ्यांदा मोडलं तर माणूस उठत नाही.

आळीत मात्र कौतुकाला पूर आला. "कात्सुनोरी-सान होते म्हणून!" "देवासारखे धावले हो!" मासानो स्वतः मिठाईचा डबा विकत घेऊन आली. "हा त्याला नेऊन दे. जीव वाचवला त्याने. लोक बघतायत, तू अजून गेली नाहीस."

तोमिए गेली. सून घरात येते तेव्हा वाकते तेवढी वाकली. डबा दोन्ही हातांनी पुढे केला. "तुमच्यामुळे वाचले," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं, पाटाचं, पाण्याचं, ओल्या चटयांचं, बोलायचं राहूनच गेलं.

"अहो, त्यात काय! शेजारधर्म," कात्सुनोरी म्हणाला. "उद्यापासून तुमच्या दारचं मी जास्तच नीट करत जाईन. तुम्ही एकट्या आहात ना."

घरी येऊन ती ओल्या खोलीत बसली आणि स्वतःच्या जिभेला शिव्या घातल्या. वाक अजून! नवऱ्याला ज्याने खड्ड्यात घातला त्यालाच मिठाई दे! आणि हिसाओ घरी येईल, तेव्हा काय? पुन्हा पाणी येईल, आणि लंगडत्या पायाने पुन्हा तोच काठी उचलेल. त्याला ती ओळखत होती. पन्नास वर्षं "तू थांब, मी बघतो" म्हणत आलेला माणूस खुब्याचं हाड मोडल्याने थोडाच सुधारणार?

रात्रभर बर्फ पडला. पहाटे ती कोट, टोपी, रबरी बूट चढवून तयार बसली होती. मशीनचा पहिला ठोका पडला तशी बिअरच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट उचलून गुडघाभर बर्फातून वर चालत गेली. कात्सुनोरी आपल्या दारची जाळी उघडून मशीनकडे वळला होता. तोमिएने बुटाने जाळी ढकलून लावली, वर क्रेट उलटा ठेवला आणि त्यावर बसली.

त्याने मशीनची मूठ सोडली. मशीन घुरघुरत उभं राहिलं. "आजी? काय झालं? आजोबा बरे आहेत ना?"

"पाटाला पाणी नाही," तोमिए म्हणाली.

"काय?"

"भोंगा वाजलेला नाही. पाटाला पाणी नाही. पाणी नसताना बर्फ टाकायचा नाही. तू सात वर्षांचा होतास तेव्हा कान धरून सांगितलं होतं. पुन्हा धरू?"

तो हसला. मग ती हसत नाही हे त्याला दिसलं. "अहो, मी सगळ्यांसाठीच करतो. तुमचंही दार..."

"माझ्या दाराला हात लावू नकोस. माझा बर्फ मी काढेन, नाही जमला तर आत मरेन. तू वरून टाकतोस तो माझ्या घरात येतो, कात्सु. माझा नवरा त्याच बर्फाने ओढला. त्याला तू गाडीतून नेलंस, त्याचे मी आभार मानले, वाकून मानले. ते झालं. आता हे."

एव्हाना दारं सरकली होती. मासानो स्वेटरवर शाल ओढून धडपडत आली आणि तोमिएचा दंड धरला. "ऊठ, ऊठ बाई! लोक बघतायत! शोभतं का तुला?"

"बघू देत. गेल्या आठवड्यात पण बघत होते. माझ्या हातात नवऱ्याची कॉलर होती तेव्हा."

मासानोने दंड सोडला नाही, ओढलाही नाही. तिने मशीनकडे बघितलं, मग खाली, आळीच्या टोकाला, तोमिएच्या दाराकडे. नंतर ती कात्सुनोरीसमोर कमरेत वाकली.

"कात्सुनोरी-सान, आजवर फार सांभाळलंत. आजपासून माझ्या दारचा बर्फही राहू द्या. मी भोंग्यानंतर टाकत जाईन."

इथे कुणी कुणाचा उपकार असा भर रस्त्यात परत करत नाही. कात्सुनोरीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. समोरच्या दारातला म्हाताराही पुटपुटला, "माझाही राहू द्या," आणि दार लावून न घेता तिथेच उभा राहिला.

"हे बघा," कात्सुनोरी घड्याळाकडे बघत म्हणाला. त्याचा आवाज आता प्रमुखाचा राहिला नव्हता. "भोंग्याला अजून वेळ आहे. गाडी बाहेर काढायला जागा नाही. मला कामाला उशीर होईल."

"होईल ना," तोमिए क्रेटवरून हलली नाही. "माझ्या नवऱ्याला बर्फ वितळेपर्यंत पाय टेकता येणार नाही. तुला भोंगा वाजेपर्यंत उभं राहता येईल."

त्याने मशीन बंद केलं.