नाल्यावरच्या एकतीस जणी

मी टकटक्या बोलतोय. हे नाव धुळ्यातल्या देवपूरच्या कॉलेजातल्या पोरांनी ठेवलं. एरवी मी मुठीत मावणारं साधं मोजणीयंत्र. अंगठ्यानं खटका दाबला की पोटातला आकडा एकानं वाढतो आणि मी 'टक्' म्हणतो. चेष्टा करा खुशाल! अर्धाअधिक खानदेश माझ्यासमोरून ये-जा करून गेलाय.

१९८३ साली पितांबर सरांनी मला विकत घेतलं. सर त्याच कॉलेजात भूगोल शिकवायचे आणि माणसं कुठून कुठं जातात, कशानं जातात, का जातात, यावर प्रबंध लिहायचे. "माणसं मोजायला पगार मिळतो होय?" असं सोबतचे प्राध्यापक चिडवायचे. सर नुसते हसायचे.

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आदल्या दिवशी त्यांनी मला धुळ्याच्या स्टँडवर नेलं. बाप रे! माहेरी निघालेल्या लेकी, कडेवर पोरं, हातात पिशव्या, तोंडभर हसू. दुपारपर्यंत माझे चारही आकडे भरले आणि मी पुन्हा शून्यावर आलो. एवढी माणसं एका ओढीनं निघतात, हे पाहून मी अगदी थक्क झालो. सरांचे डोळेही भरून आले होते.

मग तीन वर्षं आम्ही बेचाळीस गावांच्या थांब्यांवर उभे राहिलो. त्यातलं एक अमळनेर तालुक्यातलं, बसच्या शेवटच्या टोकाचं. नाव सांगत नाही. थांबा गावच्या पारासमोरच. पारावर झुलाल आबा आणि चारपाच म्हातारे बसलेले असायचे.

"आम्हना गावनी गर्दी बठ्ठी आठेच शे, सर," आबा म्हणाले. म्हणजे गावची सगळी गर्दी इथंच, पारासमोर.

सकाळच्या बसला चढले नऊ जण. दुसऱ्या दिवशीही नऊच. सरांनी आकडा वहीत लिहिला. माझा तर रुबाब काय वर्णावा! मी कधी चुकत नाही, अशी माझी ठाम समजूत होती.

बसच्या कचेरीतल्या साहेबांनी सरांचा तक्ता मागवून घेतला. महिन्याभरात कळलं, की त्या गावची बस अलीकडच्या गावापर्यंतच ठेवायचं घाटतंय. नऊ माणसांसाठी कोण गाडी पाठवणार? सरांना चैन पडेना. ते मला खिशात टाकून पुन्हा त्या गावी गेले आणि या खेपेला थांब्यावर न थांबता बसच्या वाटेनं चालत निघाले.

गावाबाहेर, वळणापलीकडे नाला लागला. तिथं बाभळीखाली बायकाच बायका! डोईवर पदर, पायाशी भाजीच्या पाट्या. दोनतीन पोरींच्या हातात वह्या. सर जागच्या जागी उभे राहिले.

"अक्का, आठे का उभ्या?" सरांनी विचारलं.

सुगंधाबाई नावाची एक पोक्त बाई हसली. "पारवर आम्हना सासरा बसेल ऱ्हातस, भाऊ. त्यास्ना समोर सुना कशा चढतीन? डायवरले माहीत शे. तो आठे थांबस."

नाल्यावर थांबा नाही, म्हणून कंडक्टर पुढच्या गावापासूनचं तिकीट फाडायचा. त्यामुळे या बायका ना कचेरीच्या कागदावर या गावच्या म्हणून होत्या, ना माझ्या पोटात. सरांनी खटका दाबायला सुरुवात केली. एकतीस! लाजेनं माझं लोखंड तापलं हो.

सुगंधाबाईची लेक लीला वह्या छातीशी धरून पुढं आली. "मोटर बंद व्हयनी ते मन्हं कालेज बंद व्हई, सर. मग मन्हं लगीन लाई देतीन."



धुळ्याला बसच्या कचेरीतल्या बैठकीत सर उभे राहिले. "साहेब, माझा आकडा चुकला."

"मग बाकीच्या एकेचाळीस गावांचं काय?" साहेबांनी विचारलं.

तीन वर्षांची उन्हं, प्रबंध, पुढची बढती, सगळं त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं.

"तेही धरू नका," सर म्हणाले. "पुन्हा मोजतो."

कुणीतरी हसलं. प्रबंध पाच वर्षं लांबला आणि धाकटे लोक सरांच्या पुढं गेले. पण त्याच वर्षी जूनमध्ये कॉलेज उघडलं, त्या सकाळी सर नाल्यावर हजर. बस येते की नाही, कुणालाच खात्री नव्हती. सुगंधाबाई वळणाकडं टक लावून होती. धूळ दिसली आणि बस आली! लीला चढली, खिडकीशी बसली. त्या दिवशी मोजणी नव्हती, तरी सरांनी खिशातल्या खिशात खटका एकदा दाबला. मी आयुष्यात इतक्या आनंदानं 'टक्' म्हटलं नव्हतं.

आता १९९७ साल आहे. माझी स्प्रिंग ढिली झालीय. एकदा दाबलं तर कधी दोन होतात, कधी काहीच नाही. सरांच्या कपाटात पडून असतो. तक्रार नाही. तुमच्यापैकी कुणी माणसं मोजायला निघालात, तर एवढंच करा, बाबांनो: थांब्यावरून निघा, वळणापर्यंत पायी जा आणि तिथं कोण उभं आहे ते विचारा.